तुम्ही विचारलंत म्हणून : परमुलखातली लढाई आणि आपल्या दारातला घातपात

प्रश्न साधारण असा असतो : "अमेरिकेने अफगाणिस्तानात फौज घातली, इराकमध्ये घातली, आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर तसा हल्ला तिथे पुन्हा झाला नाही. मग आपण कशाची वाट बघतोय?" २६/११ नंतर मुंबईत घरोघरी हेच बोललं जात होतं. पुलवामानंतरही तेच. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना मारलं, त्यांत सहा जण महाराष्ट्रातले, डोंबिवली, पुणे आणि पनवेलहून सुट्टीला गेलेले. तेव्हापासून हा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. त्यामागचा संताप खरा आहे, त्यामुळे 'युद्ध वाईटच' एवढं बोलून तो टोलवणं बरोबर नाही. हिशेब मांडूनच उत्तर द्यायला हवं.

माझं मत आधी सांगतो. परमुलखात लढून अतिरेक्यांची जागा हिरावून घेता येते. तळ, छावण्या, शस्त्रसाठे जातात. हल्ला खरोखर त्या जागेवर अवलंबून असेल तर या लढाईचा उपयोग होतो. पण बहुतेक हल्ल्यांना जागा फार थोडी लागते. आणि परक्या मुलखात फौज मुक्काम करून राहिली की अतिरेक्यांचं जेवढं हिरावलं त्याहून जास्त ती त्यांच्या पदरात टाकते.

११ सप्टेंबरच्या हल्ल्याला काय काय लागलं ते मोजून बघा. माणसं १९. त्यांतले १५ सौदी, दोघे अमिरातीचे, एक इजिप्तचा, एक लेबनॉनचा. अफगाण एकही नाही, इराकी एकही नाही. खर्च, अमेरिकी चौकशी आयोगाच्या अंदाजाने, चार ते पाच लाख डॉलर. विमानं चालवणाऱ्या चौघांपैकी तिघे जर्मनीत हाम्बुर्गला शिकायला होते. विमान उडवायला ते शिकले अमेरिकेतल्याच शाळांत, फी भरून. व्हिसा अमेरिकेच्याच वकिलातींनी दिलेले. हत्यारं म्हणजे छोटी पाती. चार इंचांहून लहान पातं विमानात न्यायला तेव्हा मुभा होती. आणि कॉकपिटचं दार इतकं हलकं की धडधाकट माणसाच्या लाथेपुढे टिकू नये.

यात आणखी एक नोंद आहे, ती वाचताना आजही चडफडायला होतं. १९ जणांपैकी खालिद अल-मिधार आणि नवाफ अल-हाझमी या दोघांची नावं अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेला २००० च्या सुरुवातीपासून ठाऊक होती. क्वालालंपूरच्या एका बैठकीत त्यांच्यावर पाळत होती. मिधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हेही कळलेलं होतं. ते दोघे अमेरिकेत सान दिएगोत जाऊन राहिले, आणि हाझमीचं नाव तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीत छापलेलं होतं. त्यांची नावं संशयितांच्या यादीत चढली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस, हल्ल्याला तीन आठवडेही उरले नसताना. एका कचेरीतला कागद दुसऱ्या कचेरीत वेळेवर गेला नाही, बस्स.

या हिशेबात अफगाणिस्तान कुठे बसतो? माणसं पारखायला, त्यांना काही आठवडे छावणीत ठेवायला, आणि सूत्रधारांना निर्धास्त बसून बेत आखायला जागा तिथे मिळाली. ही गोष्ट किरकोळ नव्हती. ७ ऑक्टोबर २००१ ला सुरू झालेल्या कारवाईने ती जागा दोन महिन्यांत मोडली, तीही मोठी फौज न उतरवता. अमेरिकेचे काहीशे विशेष सैनिक आणि गुप्तचर, जमिनीवर तालिबानविरोधी नॉर्दर्न अलायन्सचे अफगाण लढवय्ये, वर विमानं. १३ नोव्हेंबरला काबूल पडलं, डिसेंबरच्या सुरुवातीला कंदाहार. छावण्या गेल्या. हा भाग यशस्वी झाला असंच मी मानतो.

त्यानंतरची वीस वर्षं त्याच पारड्यात टाकता येत नाहीत. डिसेंबर २००१ मध्ये तोरा बोराच्या डोंगरांतून बिन लादेन पाकिस्तानात निसटला. तो सापडला २ मे २०११ ला, अबोटाबादच्या एका उंच भिंतीच्या घरात, आणि सापडला तो त्याचे निरोप नेणाऱ्या माणसाचा माग काढून. प्रत्यक्ष कामगिरी दोनेक डझन माणसांची आणि सुमारे ४० मिनिटांची. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की ती हेलिकॉप्टरं जलालाबादहून उडाली, आणि जलालाबादचा तळ लढाईमुळेच हाताशी होता. पण ३१ जुलै २०२२ ला, अमेरिकी फौज अफगाणिस्तानातून निघून गेल्यावर ११ महिन्यांनी, बिन लादेननंतरचा अल-कायदाचा म्होरक्या अल-जवाहिरी काबूलमध्ये आपल्या घराच्या बाल्कनीत ड्रोनने टिपला गेला. तेव्हा त्या देशात अमेरिकेचा एकही तळ नव्हता.

आणि या लांबलेल्या मुक्कामाची किंमत आपणही मोजली. अफगाणिस्तानला समुद्र नाही. तिथल्या फौजेचं इंधन, धान्य, गाड्या कराचीच्या बंदरात उतरायच्या आणि तोरखम किंवा चमनच्या नाक्यावरून ट्रकने पुढे जायच्या. ज्या देशातून रसद जाते त्याच्याशी किती ताणायचं याला मर्यादा पडते. २००८ साली लष्कर-ए-तैयबाची दहा माणसं त्याच कराचीहून मुंबईकडे निघाली तेव्हा अमेरिका मुख्यतः त्या रस्त्यावर विसंबून होती. पाकिस्तानवर तेव्हा हवा तेवढा दाब पडला नाही याचं हे एकमेव कारण नव्हे, पण मोठं कारण नक्कीच आहे.

इराकची गोष्ट मुळातच वेगळी, कारण तिथे हिरावून घेण्यासारखी जागाच नव्हती. सद्दाम हुसेन क्रूर हुकूमशहा होता. पण अल-कायदा आणि तो मिळून हल्ले आखत होते याचा पुरावा अमेरिकी आयोगाला सापडला नाही. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीने तर १० फेब्रुवारी २००३ च्या टिपणात सरकारला लेखी कळवलं होतं की खरा मोठा धोका अल-कायदाचा आहे आणि इराकवर चढाई केली तर तो वाढेल. २० मार्चला चढाई झाली.

फौजा बगदादकडे धावत होत्या आणि वाटेतली शस्त्रागारं राखायला माणसं नव्हती. अल-काका नावाच्या एका कारखान्यात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालची सुमारे ३४० टन तीव्र स्फोटकं होती. ती नाहीशी झाली. देशभर विखुरलेल्या तोफगोळ्यांची तर मोजदादच नव्हती. पुढे कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला पुरलेल्या बॉम्बमध्ये हेच जुने तोफगोळे निघत राहिले. १६ मे रोजी बगदादमधल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी पहिला हुकूम काढला : सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सरकारी नोकरीतून बाद. त्या राजवटीत बढती हवी तर पक्षात असावं लागे, त्यामुळे शाळेतले शिक्षक आणि इंजिनीयरही त्यात गेले. आठवड्याभरात, २३ मे रोजी, दुसरा हुकूम : सैन्य बरखास्त. साडेतीन-चार लाख माणसं घरी बसली. त्यांना बंदूक चालवता येत होती, दारूगोळा कुठे आहे ते माहीत होतं, आणि महिनाअखेरीला पगार येणार नव्हता.

माणसं, दारूगोळा आणि राग, हे तिन्ही एका जागी जमलं की चौथी गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे त्यांना एकत्र बांधणारा कोणीतरी. तो मूळचा जॉर्डनचा, अबू मुसाब अल-झरकावी. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादच्या कॅनल हॉटेलात संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर त्याच्या टोळीने स्फोटकांचा ट्रक घातला. २२ जण गेले, संयुक्त राष्ट्रांचे दूत सर्जिओ व्हिएरा द मेलो त्यांत होते. बिन लादेनशी निष्ठा त्याने जाहीर केली ऑक्टोबर २००४ मध्ये. म्हणजे इराकमध्ये अल-कायदाची शाखा निघाली ती चढाईनंतर दीड वर्षाने.

पुढे काय झालं ते बुक्का नावाच्या कैदेच्या छावणीत नीट दिसतं. दक्षिण इराकमध्ये उम्म कस्रजवळ तारेच्या कुंपणात हजारो लोक कोंडलेले. पक्का अतिरेकी, संशयावरून उचललेला शेतकरी आणि बरखास्त फौजेतला मेजर एकाच तंबूत. फौजेकडे त्यांची भाषा जाणणारे लोक मोजके, तेव्हा कोण कोणाला काय शिकवतोय हे कळायचा मार्ग नाही. पहिल्याकडे पंथ होता, तिसऱ्याकडे लष्करी शिस्त, आणि वेळ सगळ्यांकडे भरपूर. २००४ साली काही महिने तिथे असलेला एक कैदी पुढे इस्लामिक स्टेटचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी म्हणून जगाला कळला. परक्या देशात धरपकड करणाऱ्या कुठल्याही फौजेची हीच अडचण असते. तिला गाव माहीत नसतं, म्हणून ती जास्त माणसं उचलते. जास्त उचलली की चौकशी उथळ होते, आणि सुटून जाताना ती माणसं आली त्याहून कडवट होऊन जातात.

जून २०१४ मध्ये मोसुल पडलं आणि इस्लामिक स्टेटचं राज्य उभं राहिलं. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले, त्या हल्ल्याची आखणी सीरियातल्या त्याच मुलखातून झाली होती. तो मुलूख अखेर लढूनच घ्यावा लागला : मोसुल जुलै २०१७, रक्का ऑक्टोबर २०१७, बागूझ मार्च २०१९. आणि तो गेल्यावर तिथून आखून, माणसं पाठवून केलेले पॅरिससारखे हल्ले युरोपात ओसरले. लढाईच्या बाजूने दाखवण्यासारखं हे सगळ्यांत पक्कं उदाहरण आहे, आणि ते मान्य केलंच पाहिजे. फक्त ते दाखवताना आधीची बारा वर्षं झाकून ठेवता येणार नाहीत. अमेरिकेच्या सगळ्या गुप्तचर संस्थांनी मिळून एप्रिल २००६ मध्ये केलेल्या अहवालातच म्हटलं होतं की इराकची लढाई जिहादी म्होरक्यांची आणि हस्तकांची नवी पिढी घडवते आहे.

आता ज्या भागाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, तो सांगतो. पाळत.

एका संशयितावर चोवीस तास पाळत ठेवायची तर किती माणसं लागतात? तीन पाळ्या. प्रत्येक पाळीत पायी चालणारे दोघे-तिघे, गाडीत काही, एखादा मोटारसायकलवर, कारण माणूस बसमध्ये चढतो, मध्येच उतरतो, मागच्या गल्लीतून निघून जातो. तोच चेहरा सारखा मागे दिसला तर सावज सावध होतं, म्हणून माणसं बदलत ठेवायची. वर फोन ऐकणारे, भाषांतर करणारे, टिपणं लिहिणारे. सगळे मिळून वीस ते तीस. दहा संशयित झाले की दोन-तीनशे माणसं अडकली. त्यामुळे जगातली कुठलीही संस्था सगळ्यांच्या मागे राहूच शकत नाही. ती रोज क्रम लावते. आज कोणामागे, उद्या कोणामागे, कोणाला सोडून द्यायचं. परमुलखातल्या लढाईने घरातल्या संशयितांची यादी लांबली की हा क्रम चुकण्याची शक्यता वाढते.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं. २००४ च्या सुरुवातीला एका टोळीवर मोठी पाळत चालू होती. पश्चिम लंडनमधल्या एका भाड्याच्या गोदामात त्यांनी सुमारे ६०० किलो अमोनियम नायट्रेट खत साठवलं होतं. अधिकाऱ्यांनी ते गुपचूप बदलून तिथे निरुपद्रवी पूड ठेवली आणि मार्चअखेरीला टोळी पकडली. फत्ते झाली. पण त्या पाळतीत टोळीच्या म्होरक्याला भेटायला आलेले दोघे दिसले होते. त्यांचे फोटो घेतले गेले, गाडीमागून वेस्ट यॉर्कशायरपर्यंत माग काढला गेला. मग त्यांचा क्रम खाली लागला, कारण जास्त निकडीची नावं यादीत होती. ते दोघे म्हणजे मोहम्मद सिद्दिक खान आणि शेहजाद तन्वीर. ७ जुलै २००५ ला त्यांनी आणि आणखी दोघांनी लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट केले. ५२ जण गेले. सरकारी अहवालानुसार सगळा खर्च आठ हजार पौंडांच्या आत. बॉम्ब बनले लीड्समधल्या एका फ्लॅटमध्ये. त्या फ्लॅटवर कुठली फौज चालून जाणार होती?

खान इराकच्या चढाईआधीपासूनच त्या वाटेला लागला होता, त्यामुळे त्याचं सगळं खापर त्या लढाईवर फोडणं चूक ठरेल. मुद्दा यादीचा आहे. त्या काळात एमआय-५ च्या प्रमुख असलेल्या एलिझा मॅनिंगहम-बुलर यांनी जुलै २०१० मध्ये, ब्रिटनच्या इराक युद्धातल्या सहभागाचा तपास करणाऱ्या चिलकॉट चौकशीपुढे साक्ष दिली. इराकमुळे ब्रिटनमधल्या तरुणांच्या एका पिढीतले काही जण कडवे झाले, आपल्याकडे इतक्या खबरी येऊ लागल्या की त्या पेलणं कठीण झालं, आणि खात्याचं अंदाजपत्रक दुप्पट करा असं आपल्याला पंतप्रधानांना सांगावं लागलं, असं त्या म्हणाल्या. सैन्याच्या विरोधात असलेल्या कुणा कार्यकर्त्याची ही साक्ष नव्हती. देशाला हल्ल्यांपासून वाचवणं हेच जिचं काम, त्या संस्थेच्या प्रमुखाची होती.

विमानतळावर १०० मिलीलीटरपेक्षा मोठी बाटली काढून घेतात ना, तो नियमही याच काळातला. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनहून अटलांटिकपार जाणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं न्यायचा कट उघडा पडला. तो कट हाती लागला पूर्व लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये लपवलेल्या माइक आणि कॅमेऱ्यातून, महिनोन्महिने केलेल्या पाळतीतून.

फौज मागे घेतली म्हणजे सुटलो, असंही नाही. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या चार लोकल गाड्यांत दहा स्फोट झाले, १९० हून जास्त माणसं गेली. तीन दिवसांनी निवडणूक झाली, आणि इराकमधली सुमारे १३०० ची तुकडी परत आणू म्हणणारा पक्ष जिंकला. तरी २ एप्रिलला माद्रिद-सेव्हिया रेल्वेमार्गावर बॉम्ब सापडलाच. जर्मनी इराकच्या चढाईत नव्हताच. बर्लिनच्या नाताळ बाजारात डिसेंबर २०१६ मध्ये ट्रक घुसलाच. लढाईत उतरल्याने यादी लांबते. न उतरल्याने ती कोरी होत नाही.

मग अमेरिकेत पुन्हा तेवढा मोठा हल्ला का झाला नाही? तेवढा मोठा झाला नाही हे खरं, पण झालेच नाहीत असं नाही. २०१६ साली ऑरलँडोच्या नाइटक्लबमध्ये एकाच माणसाने ४९ जणांना मारलं. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या केलेल्या गाडीतला बॉम्ब फुटला नाही, आणि गाडीतून धूर येतोय हे आधी पाहिलं ते फुटपाथवरच्या विक्रेत्यांनी. तो बॉम्ब ठेवणारा फैसल शहजाद वझिरिस्तानात शिकून आला होता, आणि कोर्टात त्याने कारणं सांगितली ती इराक, अफगाणिस्तान आणि ड्रोनची. नाताळ २००९ ला डेट्रॉइटला उतरणाऱ्या विमानात अंतर्वस्त्रात स्फोटक घेऊन बसलेल्या तरुणाला प्रवाशांनीच दाबून धरलं. त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी नायजेरियातल्या अमेरिकी वकिलातीत जाऊन मुलाबद्दल काळजी वाटते असं सांगितलं होतं. तो कट येमेनमधून आखलेला होता. जागा मोडली तेव्हा ती दुसरीकडे सरकली होती.

आता कॉकपिटच्या त्या दाराकडे परत येतो. सगळ्या प्रवासी विमानांना मजबूत, आतून कुलूपबंद होणारी दारं बसवा असा आदेश अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने काढला आणि अखेरची मुदत दिली ९ एप्रिल २००३. त्याच दिवशी बगदादच्या फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पाडला गेला. जगभरच्या टीव्हीवर दिवसभर पुतळा दिसत होता. दार कोणी दाखवलं नाही. विमान ताब्यात घेऊन इमारतीवर घालायचा रस्ता मात्र त्या दाराने बंद केला. जोडीला संशयितांच्या नावांची एकत्र यादी, खात्याखात्यांतल्या माहितीची देवाणघेवाण, व्हिसाची कडक तपासणी, आणि दोन महासागर.

आपल्याला हा धडा इराकवरून शिकायचीही गरज नव्हती. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तमिळ अतिरेकी गटांकडून शस्त्रं जमा करून घ्यायची, थोड्या महिन्यांत परत यायचं, असा हेतू. यांतल्या अनेक गटांना १९८३ नंतर आपणच प्रशिक्षण दिलेलं. ऑक्टोबरात यांतल्याच लिट्टे या गटाशी लढाई जुंपली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी २९ मारले गेले. शत्रूला उतरण्याची जागा आधीच कळली होती. आपले जवळजवळ १२०० जवान तिथे कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सैनिकांनी शर्थ केली, त्यात शंका नाही. पण २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदूरच्या प्रचारसभेत चंदनाचा हार घेऊन आलेली एक तरुणी राजीव गांधींच्या पाया पडायला वाकली आणि स्फोट झाला. तपासात हेतू पुढे आला तो असा की ते पुन्हा सत्तेवर आले तर शांतिसेना परत पाठवतील अशी लिट्टेला धास्ती होती. लढाई जाफनात झाली, तिचा सूड तमिळनाडूत उगवला.

तो कट उलगडला कशाने, हेही बघण्यासारखं आहे. कटवाल्यांनीच फोटो काढायला आणलेला छायाचित्रकार स्फोटात गेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला. आत दहा फोटो. हार हातात घेतलेली मुलगी, बाजूला पांढरा कुर्ता-पायजमा घातलेला, खांद्याला झोळी अडकवलेला माणूस. विशेष तपास पथकाने त्या फोटोंवरून एकेक चेहरा शोधला.

पहलगामचंही तसंच. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरमध्ये नऊ ठिकाणी मारा झाला. काही तासांचा मारा आणि वर्षानुवर्षांचा मुक्काम यांत मी फरक करतो. माऱ्यामुळे पलीकडच्या राज्यकर्त्यांना आणि लष्कराला किंमत मोजावी लागते, आणि कधीकधी ती मोजायला लावणं भाग असतं. परक्या गावांवर राज्य करण्याची पाळी आपल्यावर येत नाही. पण किती काळ धाक राहतो हे बघावं लागतं : सप्टेंबर २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा झालं, त्यानंतरच्या बालाकोटनंतर पहलगाम. आणि गोळ्या झाडणारे तिघे सीमेपलीकडे नव्हतेच. ते काश्मीरच्या जंगलातच होते. त्यांच्या संदेशयंत्राचा माग काढत काढत २८ जुलैला श्रीनगरजवळ दाचीगामच्या रानात त्यांना गाठलं. त्यांच्या रायफली चंदीगडच्या प्रयोगशाळेत नेल्या, त्यांतून गोळ्या झाडून बघितल्या आणि बैसरनमध्ये सापडलेल्या पुंगळ्यांशी जुळवल्या, तेव्हा कुठे खात्री झाली.

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी छातीशी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत हाती लागला. त्याच्या जबानीतून छावण्यांची ठिकाणं, शिकवणाऱ्यांची नावं, समुद्रातला मार्ग मिळाला. त्यांनी पळवलेल्या 'कुबेर' ट्रॉलरवर सापडलेल्या जीपीएसने त्याला दुजोरा दिला. बॉम्ब टाकून छावणी उद्ध्वस्त होते, पण जबानी मिळत नाही. अशाच तपासातून पुढे २६/११ च्या कटातला आपल्याच बीड जिल्ह्यातला झबिउद्दीन अन्सारी २०१२ साली सौदी अरेबियाकडून परत मिळवता आला, आणि त्याच कटातला आरोपी तहव्वुर राणा २०२५ साली अमेरिकेकडून.

मुंबईपुरतं विचाराल तर माझं लक्ष सीमेपलीकडच्या तळांपेक्षा किनाऱ्यावर जास्त आहे. २६/११ ची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने लिहून ठेवलंय की सूचना आधी आल्या होत्या, त्यांचा नीट पाठपुरावा झाला नाही. त्यानंतर बरंच झालं : मुंबईत एनएसजी कमांडोंचा तळ, राज्याचं फोर्स वन हे कमांडो पथक, सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांची ओळखपत्रं, बोटींना रंगांची खूण. कमी कुठे पडतं तेही दिसतं. बोटीची जागा आपोआप कळवणारं यंत्र सक्तीचं झालं ते २० मीटरहून लांब बोटींना, आणि आपल्या बहुतेक मच्छीमार बोटी त्याहून आखूड. गस्तीची नौका विकत घेणं सोपं आहे. ती चालवायला शिकलेला तांडेल, इंजिनाची देखभाल आणि पुरेसं डिझेल नसेल तर ती धक्क्यालाच बांधलेली राहते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमारनगरजवळ रबरी होडीतून हल्लेखोर पाठीवर बोजे घेऊन उतरले तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. तुमचं काम बघा, असं उत्तर मिळालं. आज किनाऱ्यावर असं काही दिसलं तर सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक आहेत. तुमच्या आमदाराला, पोलीस ठाण्याला विचारायचं असेल तर हे विचारा : रात्री दोन वाजता १०९३ वर फोन केला तर कितव्या घंटीला उचलला जातो, आणि त्यानंतर किती मिनिटांत नौका धक्का सोडते?